सिरोंचा

सिरोंचा : गडचिरोली जिल्ह्यातील याच नावाच्या तालुक्याचे मुख्य ठिकाण. प्राणहितेच्या डाव्या तीरावर, गोदावरी-संगमाच्या किंचित वर वसलेले. गडचिरोलीहून सडकेने सुमारे २०० कि.मी. दक्षिणेस. वर्धा व वैनगंगा यांच्या संगमापासून पुढील प्रवाहास प्राणहिता म्हणतात. सुमारे ११३ कि.मी. वाहून ती येथे गोदावरीस मिळते. पैलतीरी तेलंगणातील काळेश्वरम् हे तीर्थ असून तेथील मंदिरात एकाच शाळुंकेत दोन लिंगे आहेत. तालुक्यातच सोमनूर येथे इंद्रावती गोदावरीस मिळते आणि तेथून छत्तीसगडची हद्द लागते.

इतिहास : या पट्ट्याचा प्राचीन इतिहास विस्कळीत आहे. वारंगळच्या काकतीयांचा अंमल किंवा निदान प्रभाव येथवर असावा. बस्तरच्या राजघराण्याचा मूळपुरुष वारंगळहून गोदावरी ओलांडून आला, ही परंपरा त्यास पूरक आहे, मात्र तिला पुरावा मानता येत नाही. १८६० मध्ये निजामाने गोदावरीच्या डाव्या तीरावरील मुलूख इंग्रजांना दिला, तेव्हापासून गावाची सलग माहिती मिळते. या मुलखाचा ‘अप्पर गोदावरी’ जिल्हा करून सिरोंचा हे त्याचे मुख्य ठिकाण ठरले. येथील डेप्युटी कमिशनर ग्लासफर्ड याने १८६२ मध्ये बस्तर संस्थानावर लिहिलेला अहवाल अभ्यासक अजूनही वापरतात.

एवढ्या आडवळणाच्या गावी जिल्ह्याचे ठाणे आले ते नदीमुळे. आंध्रात गोदावरीवर धवळेश्वरम् येथील बंधारा १८५२ मध्ये पुरा झाल्यावर इंग्रज अभियंता आर्थर कॉटन याने वर्धा, प्राणहिता व गोदावरी या मार्गाने वऱ्हाड-नागपूरचा कापूस नावांतून पूर्व किनाऱ्यावर नेण्याची योजना पुढे रेटली. मध्य प्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल हाही तिचा पुरस्कर्ता होता. वाटेत खडकाळ पात्राचे तीन मोठे अडथळे होते : पहिला गोदावरीवरील दुम्मागुडेम, दुसरा इंद्रावती-संगमाखालील इंचमपल्ली आणि तिसरा प्राणहितेवरील देवलमरी. उन्हाळ्यात अशा जागी पात्र खडकांमधून अनेक चिंचोळ्या धारांत फुटते आणि नावेला वाट उरत नाही. पावसाळ्यात खडक बुडतात, पण ओढ इतकी असते की नाव प्रवाहाविरुद्ध चढत नाही. म्हणून प्रत्येक अडथळ्याशी बंधारा, बाजूने कालवा आणि नावा चढविण्या-उतरविण्यासाठी झडपांची कुंडे, अशी रचना योजली होती. दुम्मागुडेमचे काम बरेच पुढे गेले; वरच्या दोन ठिकाणी ते अपुरेच राहिले आणि १८७१ मध्ये सरकारने योजना सोडली.

ती का फसली याविषयी मतभेद आहेत. कॉटनच्या पक्षाच्या मते सरकारने रेल्वेला झुकते माप दिले, पुरेसा पैसा वेळेवर मिळता तर जलमार्ग पुरा होता. दुसरे मत नदीच्या स्वभावावर बोट ठेवते : वर्षातले थोडेच महिने नावाजोगे पाणी, तुरळक वस्तीमुळे मजुरांची टंचाई आणि हिवताप. ही कारणे अधिक वजनदार वाटतात. त्यातच अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपून कापसाची निकड ओसरली आणि १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली. जलमार्ग बारगळल्यावर ठाण्याचेही प्रयोजन राहिले नाही. १८७४ मध्ये जिल्हा मोडून भद्राचलम्, रेकपल्ली हे भाग मद्रास इलाख्यात गेले आणि सिरोंचा चांदा (आताचे चंद्रपूर) जिल्ह्याची तहसील झाली. १९८२ पासून हा तालुका गडचिरोलीत आहे.

लोकजीवन : तेलुगू, गोंडी-माडिया व मराठी या तिन्ही भाषा येथे नांदतात आणि बाजारात एकाच व्यवहारात मिसळतात. रोटीबेटी, दवाखाना व मोठी खरेदी यांसाठी लोकांचा ओढा तेलंगणातील मंचिर्याल-वारंगळकडे असतो. पूल होण्यापूर्वी उन्हाळ्यात पैलतीरी जाणारा माणूस आधी तापलेली वाळू तुडवी आणि उरलेल्या धारेपुरता डोंग्यात बसे. पावसाळ्यात सारा भरवसा नावाड्यावर. धान, कापूस व मिरची ही पिके. मिरची तोडणीच्या हंगामात अनेक मजूर कुटुंबे तेलंगणात जातात. आश्विनात बतुकम्मा हा सण होतो : ताटात तरवड, झेंडू इ. फुलांचे थर शिखरासारखे रचतात, स्त्रिया त्याभोवती टाळ्यांच्या तालावर फेर धरतात आणि शेवटी फुले पाण्यात सोडतात. गुरू मीन राशीत आला की प्राणहितेचा पुष्कर, म्हणजे नदीस्नानाचा मेळा, भरतो. एप्रिल २०२२ मध्ये सिरोंचाच्या घाटावरही तो भरला.

मेडीगड्डा बंधारा : संगमाच्या खाली गोदावरीवर तेलंगणाने बांधलेल्या या ८५ दरवाजांच्या बंधाऱ्याचे उद्घाटन २१ जून २०१९ रोजी झाले. त्याच्या फुगवट्याने तीरावरील शेती बुडते, ही सिरोंचातील शेतकऱ्यांची तक्रार असून मोबदल्यासाठी त्यांनी आंदोलने केली आहेत. नफ्याचे पाणी एका राज्याचे आणि बुडीत शेत दुसऱ्याचे, अशा स्थितीत ही तक्रार दुय्यम मानणे अन्यायाचे आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये बंधाऱ्याचे काही खांब खचले आणि पाणी सोडून द्यावे लागले.

जीवाश्म व वन्यजीव : सिरोंचाच्या उत्तरेस प्राणहितेकाठी असलेल्या कोटा गावावरून तेथील खडकांच्या थरांना ‘कोटा शैलसमूह’ हे नाव पडले. एकोणिसाव्या शतकात येथील चुनखडकांत माशांचे जीवाश्म मिळाले व त्यांवरून थराचे वय जुरासिक काळाच्या आरंभीचे ठरविण्यात आले. पुढे सूक्ष्मजीवाश्म व परागकणांच्या आधारे काहींनी ते मध्य जुरासिक किंवा त्याहून अलीकडचे मानले. प्रश्न पुरता मिटलेला नाही. याच शैलसमूहातील बारापासॉरस या शाकाहारी डायनोसॉरचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभारलेला आहे. तालुक्यातील वडधम येथे जीवाश्म उद्यान आहे. सिरोंचा वनविभागातील कोलामार्का हे रानम्हशींसाठी राखलेले क्षेत्र होय.