गाठकाम की विणकाम?

शिल्पकार मृणालिनी मुखर्जींची दोराची शिल्पं ‘विणलेली’ आहेत, असं बडोद्यातही सर्रास म्हटलं जातं. त्या शिकल्या इथल्याच ललित कला विद्याशाखेत, के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे. पण त्यांची ‘यक्षी’ (१९८४) मागावर कधी चढलेलीच नव्हती. रंगवलेल्या हेम्प (भांगेच्या झाडाचा तंतू) दोराच्या गाठी मारत, म्हणजे गाठकामानं (मॅक्रमे), ती घडली आहे.

फरक ओळखायचा तर एकच धागा नजरेनं धरून पुढे जा. विणकामात ताण्याचे धागे उभे, बाण्याचे आडवे, आणि हे शेवटपर्यंत बदलत नाही. गाठकामात आत्ता गाभ्यात (ज्याभोवती गाठ बसते त्या मधल्या भागात) असलेला दोर पुढच्या ओळीत शेजारच्या दोराला वळसा घालतो. त्यामुळे काम हवं तिकडे वळवता येतं. नुसत्या आकारावरून मात्र निष्कर्ष काढू नका. पोलिश शिल्पकार मग्दालेना आबाकानोविच यांची ‘आबाकान’ नावाची अवाढव्य शिल्पं फुगीर, पोकळ दिसतात, तरी ती विणलेलीच आहेत.

गाठकाम सुरू करताना घोळ होतो तो दोर कापण्यात. ढोबळ हिशेब असा: तयार लांबीच्या चौपट एक पदर. दांडीवर दुमडून अडकवायचा म्हणून आठपट कापायचा. ६० सेंटिमीटरच्या पट्टीला प्रत्येक दोर ४.८ मीटर लागतो. पण चार पदरी सपाट गाठीत संपतात ते बाहेरचे दोन पदर. मधले दोन जवळपास सरळच राहतात. म्हणून दोर मधोमध दुमडू नका, गाभ्याची बाजू आखूड ठेवा. नाहीतर बाहेरचे पदर अर्ध्यावरच संपतात आणि मधले लोंबत राहतात. गाठ डावीकडून एकदा, उजवीकडून एकदा अशीच पुरी होते. एकाच बाजूनं मारत गेलात तर पट्टीला पीळ पडतो. पीळ हवाच असेल तर गोष्ट वेगळी.

मागावर चूक होते ती काठाशी. बाणा सरळ ओढून घेतला की कडा आत येतात आणि कापडाला कंबर पडते. बाणा कमानीसारखा सैल टाकून मगच फणीनं ठोकावा, म्हणजे त्याला ताण्यावरून-खालून जायला पुरेशी लांबी मिळते. दोन रंगांचे बाणे ताण्याच्या शेजारशेजारच्या धाग्यांवरून दर ओळीला तिथूनच मागे फिरवले तर मध्ये चीर राहते. पैठणीत हे बाणे एकमेकांत अडकवतात, म्हणून चीर राहत नाही आणि नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. चिरा ठेवायच्याच असतील, तर टांगण्याआधी लांब चिरा मागून शिवून घ्या. तुकडा आडवा करून टांगणार असाल तर हे टाळूच नका, कारण तेव्हा चिरा आडव्या येतात आणि वजनानं उघडतात.

जाड गाठकामाला बडोद्याच्या पावसाळ्यात वेगळी काळजी लागते. दोर ओल धरतो आणि भिंतीला टेकलेली बाजू बुरसते. मागे दोन बोटं तरी जागा सोडा.