गोळीतले ४८० ज्यूल

नऊ मिलिमीटर पिस्तुलाची नेहमीच्या वापरातली गोळी साधारण साडेसात ग्रॅमची असते. नळीच्या तोंडातून बाहेर पडताना तिचा वेग सेकंदाला ३६० मीटरच्या आसपास भरतो. वस्तुमानाला वेगाच्या वर्गाने गुणायचे आणि निम्मे करायचे, की गतिज ऊर्जा हाती येते. इथे ती सुमारे ४८० ज्यूल येते.

आता ६० किलो वजनाचा माणूस घ्या. तो सेकंदाला ४ मीटर वेगाने पळतो आहे, म्हणजे सुटणारी बस गाठायला आपण पळतो तसा. त्याची गतिज ऊर्जाही ४८० ज्यूलच भरते. आणि एवढी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने अर्धा पेला पाण्यात सोडली, तर पाणी जेमतेम एका अंशाने तापेल. हाताला फरकही कळणार नाही.

हे आकडे शेजारी शेजारी मांडले की पहिल्यांदा विश्वास बसत नाही. पळणारा माणूस आपल्यावर आदळला तर आपण पडू, खरचटेल, फार तर हाड मोडेल. गोळी मात्र जीव घेते. ऊर्जा सारखी असताना परिणामात एवढे अंतर कसे पडते? बंदुकांची तुलना करताना लोक ज्यूलचा आकडा पुढे करतात आणि तिथेच थांबतात. मला तिथे थांबणे पटत नाही, कारण किती ऊर्जा आहे याच्याइतकेच ती किती जागेत आणि किती अंतरात खर्च होते हे महत्त्वाचे आहे.

आधी वेगाच्या वर्गाचे बघू. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या विद्वानांमध्ये एक मोठा वाद चालू होता. गतिमान वस्तूचा ‘जोर’ मोजायचा कसा? एक पक्ष म्हणे, वस्तुमान गुणिले वेग. जर्मन गणिती आणि तत्त्वज्ञ लायब्निट्स यांच्या बाजूचे म्हणत, वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. नेदरलँड्समधल्या विलेम स्ग्रावेसांडे यांनी १७२० च्या दशकात मऊ चिकणमातीवर पितळी गोळे टाकून पाहिले. सारख्या आकाराचे पण वेगवेगळ्या वजनाचे गोळे घेतले आणि हलका गोळा त्याच प्रमाणात जास्त उंचीवरून सोडला, तर मातीतले खड्डे सारखे निघाले. वेग दुप्पट हवा असेल तर उंची चौपट लागते, आणि खड्डाही त्याच हिशेबाने वाढतो. मातीने वेगाच्या वर्गाच्या बाजूने कौल दिला. पुढे फ्रान्समध्ये एमिली द्यू शातले यांनी १७४० मध्ये आपल्या ग्रंथात हा विचार हिरिरीने मांडला. आज आपण दोन्ही राशी मानतो: पहिलीला संवेग म्हणतो, दुसरीच्या निम्म्याला गतिज ऊर्जा. वाद घालणारे दोन्ही पक्ष खऱ्या गोष्टी मोजत होते, फक्त त्या वेगवेगळ्या होत्या.

गोळी समजून घ्यायला या दोन्ही राशी हाताशी लागतात. पॉइंट ४५ कॅलिबरची, म्हणजे सुमारे ०.४५ इंच व्यासाची जड गोळी जवळपास १५ ग्रॅमची, म्हणजे नऊ मिलिमीटरवाल्या गोळीच्या दुप्पट. तिचा वेग मात्र सेकंदाला सुमारे २५५ मीटर. हिशेब करा, ऊर्जा पुन्हा ४८० ज्यूलच्या आसपास! एक गोळी वेगावर कमावते, दुसरी वजनावर. संवेगात मात्र जड गोळी पुढे आहे: हलकीचा संवेग २.७ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद, तर जड गोळीचा ३.८. तुलनेसाठी टोके सांगायची तर पॉइंट २२ची इवलीशी गोळी पिस्तुलातून सुमारे १२० ज्यूल घेऊन निघते आणि पॉइंट ४४ मॅग्नमची गोळी १,४०० च्या पुढे जाते. लष्करी रायफलींचा आकडा यापेक्षा मोठा, कॅलिबरनुसार १,७०० पासून ३,००० ज्यूलच्याही वर.

हे १२० ज्यूल म्हणजे किती? वेगवान गोलंदाजाने ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूतही साधारण तेवढेच असतात. संवेगात तर तो चेंडू नऊ मिलिमीटर गोळीच्या दुपटीहून जास्त भरतो. फलंदाज तो रोज बॅटने, पॅडने, कधी बरगडीवर झेलतो. चेंडू वाईट लागतो, क्वचित जिवावरही बेततो, पण शरीरात घुसत नाही.

अमेरिकन आकडे वाचताना एक अडचण येते, ती इथेच सोडवून टाकू. तिथे गोळीचे वजन ‘ग्रेन’मध्ये आणि ऊर्जा ‘फूट-पाउंड’मध्ये लिहितात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, एक फूट-पाउंड म्हणजे सुमारे १.३६ ज्यूल.

ही ऊर्जा येते काडतुसातल्या दारूतून. नऊ मिलिमीटरच्या काडतुसात दारू अर्ध्या ग्रॅमहूनही कमी असते. ती जळताना नळीत हवेच्या दाबाच्या दोन हजार पटींहून जास्त दाब तयार होतो आणि साधारण दहा सेंटिमीटर अंतरात, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत, स्थिर गोळी ३६० मीटर वेगाला पोहोचते. सरासरी त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या साठ हजार पटींहून अधिक! तरी दारूतल्या ऊर्जेपैकी बरीचशी ऊर्जा गरम वायूंतून आणि तापलेल्या नळीतून निघून जाते. गोळीच्या वाट्याला साधारण तिसरा हिस्सा येतो. बाहेर पडल्यावर हवाही आपला वाटा घेते. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा विरोध झपाट्याने वाढतो, म्हणून ही वेगवान हलकी गोळी पहिल्या ४५ मीटरमध्येच पाव भागाच्या आसपास ऊर्जा गमावते. पॉइंट ४५ची संथ, जड गोळी तेवढ्या अंतरात दहा टक्केही गमावत नाही. म्हणजे नळीच्या तोंडाशी सारखी असलेली ऊर्जा लक्ष्यापर्यंत सारखी राहतेच असे नाही.

गोळीचा वेग मोजायची पहिली चांगली युक्ती इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स यांची. १७४२ मध्ये त्यांनी बॅलिस्टिक लोलकाचे वर्णन प्रसिद्ध केले. लाकडाचा जड ठोकळा टांगायचा, त्यात गोळी झाडायची आणि ठोकळा किती झुलतो ते बघायचे. आपली नऊ मिलिमीटर गोळी ५ किलोच्या ठोकळ्यात रुतली असे धरू. संवेग जपला जातो, म्हणून ठोकळा गोळीसकट सेकंदाला जेमतेम ५४ सेंटिमीटर वेगाने हलतो आणि दीड सेंटिमीटरच्या आसपास वर चढतो. त्या झोक्यातली ऊर्जा काढली तर ती एक ज्यूलसुद्धा भरत नाही, फक्त ०.७!

मग उरलेले ४७९ ज्यूल गेले कुठे? लाकडाचे तंतू तोडण्यात, ते बाजूला दाबण्यात, गोळी चेपण्यात आणि शेवटी उष्णतेत. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण संवेग आणि ऊर्जा यांचे काम किती वेगळे आहे ते तो एका झोक्यात दाखवतो. समोरची वस्तू किती ढकलली जाईल ते संवेग ठरवतो. ती किती फाटेल, तुटेल, तापेल याची कमाल मर्यादा ऊर्जा ठरवते.

म्हणूनच पडद्यावर गोळी लागलेला माणूस हवेत उडून मागे फेकला जातो, ते निखालस खोटे आहे. ७० किलोच्या माणसाला नऊ मिलिमीटर गोळीचा सगळा संवेग मिळाला, तरी त्याचा वेग सेकंदाला चार सेंटिमीटरच्याही आत राहील. झाडणाऱ्याच्या हाताला मागे बसणारा धक्का याच संवेगाचा असतो, शिवाय नळीतून सुटणाऱ्या वायूंचा थोडा. एक किलोचे पिस्तूल गोळीच्या संवेगामुळे सेकंदाला २.७ मीटर वेगाने मागे येते, आणि त्यात ऊर्जा असते साडेतीन ज्यूलच्या आसपास. संवेग दोघांचा सारखा, ऊर्जेची वाटणी मात्र जवळपास सगळी हलक्या गोळीकडे. झाडणारा उभा राहतो आणि समोरचा कोसळतो, याचे कारण या विषम वाटणीत आहे.

आता पळणाऱ्या माणसाकडे परत येऊ. त्याची ऊर्जा छाती, खांदा, हात अशा मोठ्या भागातून पोहोचते आणि दोन्ही शरीरे दबतात, मागे सरतात. गोळीचे तोंड मात्र फक्त ०.६४ चौरस सेंटिमीटरचे, करंगळीच्या नखाएवढे. ऊर्जा म्हणजे बल गुणिले अंतर. ४८० ज्यूल ३५ सेंटिमीटर खोलीपर्यंत खर्च झाले तर सरासरी बल सुमारे १,३७० न्यूटन, म्हणजे १४० किलोचे ओझे त्या नखाएवढ्या जागेवर. हीच गोळी पोलादी पाटावर दीड सेंटिमीटरमध्ये थांबली तर सरासरी बल तीन टनांच्या वर जाते आणि शिशाच्या चिंधड्या उडतात. सगळी ऊर्जा गोळीतच उष्णता होऊन राहिली असती, तर शिसे वितळायलाही ती साधारण पुरली असती. प्रत्यक्षात पोलादही आपला वाटा घेते.

या सगळ्यात ‘माणसाला जागीच थांबवण्याची ताकद’ ही कल्पना मात्र फार काळ धूसर राहिली. अमेरिकी लष्करात १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड या अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यांतली जनावरे आणि मृतदेह यांच्यावर वेगवेगळ्या गोळ्या झाडून पाहिल्या आणि पॉइंट ४५ची शिफारस केली. नमुने मोजके होते आणि जनावरांना होणाऱ्या यातनांचा विचार त्यात नव्हता. माझ्या मते त्या चाचण्यांतून निघालेला निष्कर्ष पुराव्यापेक्षा बराच मोठा होता. नंतर लष्करी शल्यविशारद मार्टिन फॅकलर यांनी १० टक्के जिलेटिनचे, ४ अंश सेल्सियसला थंड केलेले ठोकळे वापरायची शिस्त घालून दिली. गोळीची वाट त्यात काचेत दिसावी तशी दिसते. आधी एक मोठी पोकळी फुगते आणि क्षणात मिटते. मागे राहते ती गोळीने प्रत्यक्ष चिरडलेली अरुंद वाट.

पिस्तुलाच्या गोळीबद्दलचा कळीचा मुद्दा इथे आहे. स्नायू आणि फुप्फुस लवचिक असतात. पिस्तुलाच्या वेगाला फुगलेली पोकळी ते बहुतेक वेळा सोसतात आणि पूर्ववत होतात. म्हणजे ऊर्जेचा मोठा हिस्सा ताणण्यात जातो आणि कायमची जखम न करता संपतो. यकृत, प्लीहा आणि मेंदू असे ताणले जात नाहीत, ते फाटतात. रायफलीच्या दुपटीहून जास्त वेगाला ही पोकळी इतकी मोठी होते की लवचिक भागही टिकत नाहीत. मायामीत १९८६ मध्ये झालेल्या चकमकीनंतर अमेरिकेच्या एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेने हा प्रश्न नव्याने तपासला. पिस्तुलाच्या गोळीची ऊर्जा किंवा ती तात्पुरती पोकळी यांवर भिस्त ठेवता येत नाही, गोळी किती खोल जाते आणि कोणत्या अवयवातून जाते ते निर्णायक, असे त्यांनी १९८९ मध्ये मांडले. जिलेटिनमध्ये १२ ते १८ इंच, म्हणजे ३० ते ४५ सेंटिमीटर, हा त्यांचा निकष तेव्हापासूनचा. ४८० ज्यूलची एक गोळी स्नायूतून आरपार गेली तर माणूस वाचतो, आणि १२० ज्यूलची पॉइंट २२ मोठ्या रक्तवाहिनीत शिरली तर मरतो. पॉइंट २२ला खेळण्यातली समजणाऱ्यांनी हे विसरू नये.

जीव वाचवणारे बुलेटप्रूफ जॅकेटही ऊर्जा नाहीशी करत नाही. स्टेफनी क्वोलेक यांच्या १९६५ मधल्या संशोधनातून केव्हलारचे धागे आले. त्यांचे थरावर थर गोळीला जाळ्यात पकडावे तसे पकडतात, तिचे तोंड चेपून रुंद करतात आणि तेच ४८० ज्यूल नखाएवढ्या जागेऐवजी तळहाताएवढ्या जागेवर पसरवतात. गोळी आत शिरत नाही, पण जॅकेट आतल्या बाजूला फुगते आणि बरगडीला मार बसतो. तो मार किती चालेल? अमेरिकी मानकानुसार जॅकेट मातीसारख्या मऊ लगद्यावर बांधतात, त्यावर गोळी झाडतात, जॅकेट उचलतात आणि लगद्यातल्या खळग्याची खोली मोजतात. गोळी अडली तरी खळगा ४४ मिलिमीटरपेक्षा खोल निघाला, तर जॅकेट नापास.