झिजेवरून ओळखा जुने अवजार

सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरांच्या माळ्यावर गंजलेले लोखंड हमखास सापडते. ते ओळखायचे तर आकाराआधी झीज पाहा. विळा मातीला लागत नाही, त्यामुळे त्याची आतली कड मध्यभागी खाल्ली जाते आणि टोक शाबूत राहते. खुरप्याचे उलटे. ते मातीतच चालते, म्हणून टोक बोथट होते आणि पाते घासून गुळगुळीत होते. निम्मे झिजलेले खुरपे मोडका विळा समजून भंगारात जाते, याची फार हळहळ वाटते. दातेरी विळ्याचे दात मुठीकडे कललेले असतात, कारण तो ओढताना कापतो.

पाते रुंद आणि जड असेल तर तो ऊसतोडीचा कोयता. त्याचे वजनच घावाला जोर देते. ऊस जमिनीलगत तोडायचा, कारण बुडख्याकडे साखर जास्त असते. शिवाय खुंट उंच राहिला तर वरच्या डोळ्यांतून फूट येते आणि खोडवा, म्हणजे त्याच खुंटातून येणारे पुढचे पीक, कमजोर होतो.

कुदळीला एकच पाते, टिकावाला दोन टोके: एक अणकुचीदार, दुसरे चपटे. टिकावाचा दांडा वरून घालतात. त्याचे वरचे टोक जाड असते, म्हणून प्रत्येक घावाला डोके जास्तच घट्ट बसते. उन्हाळ्यात लाकूड आक्रसून ते हलू लागले की अनेकजण अवजार रात्रभर पाण्यात ठेवतात. लाकूड फुगते खरे, पण लोखंडात दाबले जाऊन त्याचे तंतू चेंगरतात. वाळल्यावर दांडा आधीपेक्षा सैल होतो. सुकलेल्या बाभळीचा नवा दांडा हाच खरा उपाय.

दोन्ही टोकांना अडकवायची सोय असलेली लांब सपाट पट्टी मात्र हातातले अवजार नव्हे. फूटभर असेल तर ती पिकाच्या ओळींतले तण काढणाऱ्या बैलाच्या कोळप्याची पास (मातीत चालणारे पाते), दोन-तीन फूट असेल तर नांगरटीनंतर जमीन भुसभुशीत करणाऱ्या कुळवाची.

गंज काढायला रॉकेलमध्ये भिजवून तारेच्या ब्रशने घासा, मग तेलाचा हात फिरवा. ग्राइंडर जपून वापरा. धारेवर निळी झाक आली तर पोलाद साधारण ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले, लोहाराने दिलेले पाणी, म्हणजे तापवून-विझवून आणलेला कडकपणा, उतरले आणि धार लवकर वळणार. असे पाते लोहाराकडून पुन्हा शेवटून (तापवून, ठोकून धार काढून), पाणी देऊन घ्यावे लागते.