बॉबिन लेस

बॉबिन लेस म्हणजे पेन्सिलीएवढ्या लाकडी काड्यांवर (याच बॉबिन) दोरा गुंडाळून, त्या काड्या एकमेकींवरून टाकत, उशीवर टोचलेल्या टाचण्यांच्या आधाराने हाताने विणलेली जाळीदार लेस. उशीवर विणतात म्हणून पिलो लेस असंही म्हणतात. आपल्याकडे हाताची लेस म्हटलं की क्रोशा नाहीतर टॅटिंग आठवतं, बाळाच्या झबल्याला नाहीतर रुमालाच्या कडेला लावलेलं, पण क्रोशात एक सुई आणि एकच दोरा चालतो, टॅटिंगमध्ये शटल आणि गाठी, आणि इथे मात्र साध्या पट्टीलाही दहा-वीस दोरे लागतात, मोठ्या कामाला शेकडो, आणि सुरुवात-शेवट सोडला तर गाठ जवळपास कुठेच नसते.

एवढे दोरे बघून माणूस घाबरतो, पण मूळ हालचाली फक्त दोन आहेत. काम नेहमी दोन जोड्यांवर म्हणजे चार दोऱ्यांवर चालतं. मधल्या दोन दोऱ्यांपैकी डावा उजव्यावरून टाकला की क्रॉस, आणि दोन्ही जोड्यांमध्ये उजवा दोरा डाव्यावरून टाकला की ट्विस्ट. क्रॉस-ट्विस्ट केलं की हाफ स्टिच होतो, त्यापुढे अजून एक क्रॉस केला की क्लॉथ स्टिच, जो खरंच कापडासारखा भरीव दिसतो. फुलं, पानं, जाळ्या सगळं या दोनांतूनच निघतं. नमुना पुठ्ठ्यावर भोकं पाडून आखलेला असतो, प्रत्येक भोकात एक टाचणी, आणि टाचणी बसली की दोरा तिथे वळतो. टाचण्या पितळी वापरायची पद्धत पडली कारण लोखंडी टाचणी गंजली तर पांढऱ्या दोऱ्यावर डाग पडतो. उशीत पूर्वी पेंढा किंवा भुसा ठासून भरायचे, आता बरेच जण फोमची उशी वापरतात. विणून झालं की टाचण्या काढायच्या आणि लेस मोकळी होते, खाली कापड वगैरे काही नसतं.

ही कला १६व्या शतकात इटली आणि फ्लँडर्स (आजच्या बेल्जियमच्या आसपासचा प्रदेश) या भागांत वर आली. १५६१ साली झ्युरिकमध्ये नमुन्यांचं एक पुस्तक छापलं गेलं, लिहिणारी बाई स्वतः लेस शिकवायची आणि तिने नावाच्या जागी फक्त आर. एम. एवढीच अक्षरं दिलीत, ती सांगते की हे काम १५३६ मध्ये इटलीतून व्यापाऱ्यांबरोबर तिच्याकडे आलं. म्हणजे छापील नोंदींच्या अगदी सुरुवातीलाच शिकवणारी बाई आहे आणि तिचं नाव मात्र आपल्याला माहीत नाही, आणि लेसच्या इतिहासात हे पुढेही असंच चालू राहतं. घालणारे राजे-सरदार चित्रांत नावानिशी दिसतात, विणणाऱ्या दिसत नाहीत.

कारण हे शेकडो वर्षं गरिबांचं पोटापाण्याचं काम होतं आणि पैसे फार कमी मिळायचे. इंग्लंडमध्ये बेडफर्डशर, बकिंगहॅमशर या भागांत लेस स्कूल असायच्या, नाव शाळा पण पाच-सहा वर्षांच्या मुलांना तासन् तास उशीसमोर बसवायचे, टाचण्या मोजायला मदत व्हावी म्हणून एका लयीत गाणी म्हणायला लावायचे. संध्याकाळी एका मेणबत्तीभोवती पाण्याने भरलेले काचेचे गोळे ठेवायचे म्हणजे उजेड एका जागी पडतो, आणि तेवढ्या उजेडात अनेक जणी काम करायच्या. या भागातल्या बॉबिनच्या टोकाला वजनासाठी मण्यांचं कडं असतं, आणि हाडाच्या बॉबिनवर नावं, प्रेमाचे निरोप कोरलेले असतात, बेडफर्डला झालेल्या फाशीची आठवण म्हणून कोरलेल्या बॉबिनसुद्धा आहेत. या बायकांनी स्वतःच्या हाताशी ठेवलेली एवढीच त्यांची खासगी चीज, म्हणून मला वाटतं म्युझियममध्ये लेसपेक्षा आधी बॉबिन बघाव्यात.

मशीनने हा धंदा मोडला. जॉन हीथकोट नावाच्या माणसाने बॉबिन लेस विणताना दोरे कसे फिरतात याचाच अभ्यास करून १८०८-०९ च्या सुमारास जाळी विणणारं यंत्र बनवलं. १८१६ मध्ये लडाइट लोकांनी (यंत्रांमुळे काम जातं म्हणून यंत्रं फोडणारे कामगार) लफबरो इथल्या त्याच्या कारखान्यातली यंत्रं फोडली तेव्हा तो सगळं उचलून डेव्हनमधल्या टिव्हर्टनला गेला, पण यंत्र काही थांबलं नाही. राणी व्हिक्टोरियाने १८४० मध्ये लग्नात मुद्दाम डेव्हनची हाताने केलेली हॉनिटन लेस वापरली, त्या कारागिरांना काम मिळावं हा त्यामागे हेतू होता, काही काळ मागणी वाढलीही, पण भाव पडायचे ते पडतच गेले.

टिकलं कुठे तर जिथे शिकवणं चालू राहिलं तिथे. स्लोव्हेनियामधलं इद्रिया हे पाऱ्याच्या खाणीचं गाव, पारा तिथे १४९० मध्ये सापडला आणि लेसची नोंद १६९६ पासून मिळते. खाणीत नवऱ्याला मिळणारा पगार पुरायचा नाही म्हणून घरोघरी बायका लेस करायच्या. १८७६ मध्ये तिथे लेसची शाळा निघाली आणि ती आजही चालू आहे, मुलं नेहमीच्या शाळेबरोबर इथेही येतात. खाण बंद झाली, लेस राहिली. स्लोव्हेनियाची बॉबिन लेस २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली.

भारतातही ही लेस पोचली. दक्षिणेत नागरकोइलला १८२० च्या सुमारास मिशनरी मार्था मॉल्ट यांनी मुलींना बॉबिन लेस शिकवायला सुरुवात केली, त्यातल्या काही गुलामीत होत्या आणि लेसच्या कमाईतून त्यांनी स्वतःची सुटका करून घेतली, हे लेसच्या इतिहासात फार मोठं आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. आपल्या त्र्यंबकच्या गोदावरीच्या पार दुसऱ्या टोकाला, आंध्रात नरसापूरलाही लेसचं मोठं केंद्र आहे, पण तिथली लेस क्रोशाची, बॉबिनची नाही. दोन्ही एकच समजून लिहिलेलं पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं.

आज बॉबिन लेस मुख्यतः छंद म्हणून जिवंत आहे. ब्रिटनमध्ये लेस गिल्ड १९७६ मध्ये स्थापन झाली, आंतरराष्ट्रीय पातळीवर लेस करणाऱ्यांची ओआयडीएफए ही संस्था आहे, तिचं संमेलन वेगवेगळ्या देशांत भरतं. पण खरी ताकद छोट्या ग्रुपची आहे, आठ-दहा जण महिन्यातून एकदा उशा घेऊन जमतात, एकमेकांचे अडकलेले दोरे सोडवतात, जुन्या नमुन्यांच्या झेरॉक्स वाटतात, कुणी वारलं तर तिच्या बॉबिन ग्रुपमधल्या नवीन माणसाला जातात. नुसतं पुस्तक वाचून क्लॉथ स्टिच येतो पण दोरा किती ओढायचा ते शेजारी बसल्याशिवाय कळत नाही, म्हणून हे ग्रुप लागतातच. इंजिनियर आणि गणितवालेही यात बरेच येतात, कॅनडाच्या वेरोनिका आयर्विन यांनी तर बॉबिन लेसच्या जाळ्यांचं गणिती मॉडेल मांडून त्यातून कुणी आधी न विणलेल्या जाळ्या शोधून काढल्या.

विकून पोट भरेल अशी आशा यात कुणी ठेवू नये, बोटभर पट्टीला कित्येक तास जातात आणि तेवढे पैसे कुणी देत नाही. ज्याला शिकायचंय त्याने टॉर्शन प्रकारापासून सुरू करावं, त्याची जाळी ४५ अंशांच्या कोनात, आलेख कागदावरही आखता येते. दोरा क्रोशाचा जाड कॉटन चालतो, टॅटिंगचाही चालतो. बॉबिन नसतील तर लाकडी काड्यांना टोकाशी खाच पाडून काम भागतं, फक्त सगळ्या एकाच वजनाच्या हव्यात, नाहीतर एक दोरा ताणलेला आणि एक सैल राहतो आणि जाळी एका बाजूला ओढली जाते.