थापाड्या मित्र आणि कावेबाज मित्र: फरक ओळखायचा कसा

एक मित्र शंभर वेळा खोटं बोलताना सापडला आहे, दुसरा एकदाच. जास्त सांभाळून कुणाशी राहायचं? बहुतेक जण पहिल्याचं नाव घेतात आणि तिथेच फसतात. किती वेळा पितळ उघडं पडलं यावरून माणसाचा हेतू कळत नाही. खोटं कुठे बोललं गेलं आणि त्यातून काय पदरात पडलं, यावरून तो कळतो.

सवयीनं थापा मारणाऱ्याला थाप मारायला कारण लागत नाही. घरातून निघालेला नसताना तो ‘पोचतोच’ म्हणतो, न पाहिलेला सिनेमा पाहिला म्हणतो, कुणी प्रवासाचा विषय काढला की आपणही तिथे जाऊन आल्याचं सांगतो. खरं सांगितलं असतं तरी काही बिघडलं नसतं, अशा ठिकाणी तो हमखास खोटं बोलतो. तोंडातून थाप आधी निघते, विचार मागाहून येतो. मुळाशी बहुतेकदा असते ती भीती: आपण आहोत तसे लोकांना पुरे पडणार नाही, कुणी नाराज होईल, कुणी हसेल.

कावेबाज माणूस नेमका उलटा असतो. किरकोळ गोष्टींत तो चोख वागतो: वेळेवर येतो, दिलेला शब्द पाळतो, छोटी उसनवारी मुदतीच्या आधी फेडतो. म्हणूनच तो भरवशाचा वाटतो. तो खोटं बोलतो ते एखाददुसऱ्याच ठिकाणी, पण तिथे मोठा लाभ असतो: पैसा, जोडीदार, कामाचं श्रेय किंवा तिसऱ्याची बदनामी. तो पकडला गेला तरी ‘एवढा चांगला माणूस, एकदा चुकला असेल’ असं म्हणून लोक सोडून देतात. थापाड्याला मात्र लबाड ठरवून सगळे मोकळे होतात.

चेहरा वाचून हा फरक कळणार नाही. नजर चुकवणं, नाक खाजवणं, अडखळणं या खुणांवर अजिबात विसंबू नका. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स बाँड आणि बेला डेपॉलो यांनी २००६ मध्ये शेकडो प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र मांडले. समोरचा खरं बोलतोय की खोटं, हे ओळखण्यात माणसं सुमारे ५४ टक्के वेळाच बरोबर ठरली. नाणं उडवून ठरवलं असतं तरी ५० टक्के आलेच असते.

त्यापेक्षा महिना-दीड महिना नोंद ठेवा. फोनमध्ये असेल तरी चालेल, फक्त ती इतर कुणाला दाखवायची नाही. प्रत्येक वेळी तीनच गोष्टी लिहा: काय सांगितलं, खरं काय निघालं आणि त्या खोट्यामुळे त्याला काय मिळालं किंवा त्याचं काय वाचलं. तिसरा रकाना बहुतेक रिकामा राहिला, किंवा त्यात ‘कौतुक’, ‘अवघड प्रश्न टळला’ एवढंच येत राहिलं, तर गोष्ट सवयीची आहे. तिथे पुन्हा पुन्हा पैसा, सही, ओळख किंवा दुसऱ्याचं नुकसान येत असेल, तर तो डाव आहे. नोंद करताना होणारी नेहमीची चूक म्हणजे ऐकीव गोष्टी घुसडणं. स्वतः पडताळलेलं तेवढंच लिहा, नाहीतर तुमचा राग मोजला जातो.

पकडले गेल्यावर दोघे कसे वागतात हेही पाहण्यासारखं असतं. थापाड्या तिथल्या तिथे दुसरी थाप जोडतो, सारवासारव करतो किंवा विषय बदलतो, आणि दोन दिवसांनी काही घडलंच नाही असा भेटतो. कावेबाज आरोप उलटवतो: ‘तुझा माझ्यावर एवढाही विश्वास नाही?’ थोड्याच वेळात तुम्हीच माफी मागत असता. ‘हे कुणाला बोलू नकोस’ असं तो वारंवार सांगतो आणि तुमच्या ओळखीच्या दोन माणसांची आपसात गाठ पडू देत नाही, कारण दोघांना सांगितलेल्या गोष्टी जुळत नाहीत.

या दोन्हींत न बसणारा एक प्रकार आहे आणि त्याच्याबाबत सर्वांत जास्त गैरसमज होतो. एरवी सरळ असलेला माणूस एकाच विषयावर सतत खोटं बोलतो: पैसे कुठे गेले, काल रात्री कुठे होतास. दिसायला हा डाव वाटतो, पण मागे बऱ्याचदा जुगार किंवा दारूचं व्यसन असतं. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या ‘डीएसएम-५’ या निदानसूचीत, किती जुगार खेळतो हे लपवण्यासाठी खोटं बोलणं हा जुगाराच्या विकाराचा एक निकषच आहे. इथे खोट्यावर वाद घालून काही हाती लागत नाही. उपचार व्यसनावर व्हायला हवेत.

सवयीच्या खोट्याला नुसता वाईट स्वभाव म्हणून हिणवणं मात्र अन्यायाचं आहे. मनोविकारतज्ज्ञ आंतोन डेलब्र्यूक यांनी १८९१ मध्येच असे रुग्ण अभ्यासून या प्रकाराला ‘स्यूडोलॉजिया फँटास्टिका’ असं नाव दिलं. डीएसएम-५ मध्ये हे आजही स्वतंत्र निदान नाही, तेव्हा ‘तू आजारी आहेस’ असा शिक्का मित्रांनी मारू नये. ‘सगळेच थोडंफार खोटं बोलतात’ म्हणून सोडून देणंही बरोबर नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १,००० अमेरिकी प्रौढांपैकी सुमारे ६० टक्के लोकांनी आदल्या २४ तासांत आपण एकदाही खोटं बोललो नाही असं सांगितलं, आणि एकूण खोट्यातलं जवळपास निम्मं खोटं केवळ ५ टक्के लोकांचं होतं.

थापाड्या मित्राशी वागताना प्रत्येक थाप पकडायला जाऊ नका. चारचौघांत तर मुळीच नको. कोपऱ्यात सापडला की तो आणखी मोठी थाप मारतो, आणि मग ती निभावण्यासाठी आणखी दहा. एकांतात, एकच घटना घेऊन, शांतपणे सांगा: ‘तू तिथे नव्हतास हे मला माहीत आहे. मी रागावलेलो नाही. खरं सांगितलंस तरी चालेल.’ मग गप्प बसा. उत्तर लगेच येणार नाही, एक-दोन दिवसांनी आपणहून येण्याची शक्यता जास्त. ‘खोटं का बोललास?’ असं विचारू नका. त्यावर कारणही बनवून मिळतं. थापेचं कौतुक करू नका, हसून दादही देऊ नका. मात्र वेळ, पैसा, प्रवास ठरवताना त्याच्या शब्दावर काही उभं करू नका, स्वतः पडताळा.

कावेबाजाशी बोलणं कमी आणि कागद जास्त. पैशांचा व्यवहार लेखी, शक्यतो बँकेतून. जामीन राहायचं नाही. त्यानं दुसऱ्याबद्दल सांगितलेलं त्या दुसऱ्यालाच थेट विचारायचं. समजावून तो सुधारेल ही आशा महागात पडते. लाभ बंद झाला की तो बहुधा स्वतःच दूर जातो.

सवयीच्या खोट्याकडेही डोळेझाक नको. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, माणसं स्वतःच्या फायद्यासाठी पुन्हा पुन्हा खोटं बोलू लागली तसा भावनांशी जोडलेल्या मेंदूतल्या अमिग्डला या भागाचा प्रतिसाद मंदावत गेला आणि खोट्याचा आकार वाढत गेला. म्हणून नोंदीतला तिसरा रकाना अधूनमधून पुन्हा चाळत राहा.

आयुष्यभर सरळ बोललेला माणूस पन्नाशी-साठीनंतर अचानक न घडलेल्या गोष्टी सांगू लागला, तर ती थाप समजू नका. मेंदूच्या काही आजारांत आणि दीर्घकाळच्या दारूमुळे होणाऱ्या ‘ब१’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेत आठवणीतल्या रिकाम्या जागा मेंदू स्वतःच भरतो. सांगणाऱ्याला ते खरंच वाटत असतं. त्याला मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्या. थापाड्या मित्र मदतीला तयार झाला तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. खोटेपणावर थेट औषध नाही. त्यामागची भीती आणि सवय यांवर बोलून उपचार होतात, त्याला महिने लागतात. त्या काळात तो मध्येच थांबून ‘नाही, हे मी खोटं सांगितलं’ असं म्हणाला, तर ‘बरं झालं सांगितलंस’ एवढंच म्हणा आणि पुढचं बोला.