ही कोळंबी, हे बांगडे आणि इंग्रजीतलं 'दीज'

हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव लागला की टोपलीत शेकडो कोळंब्या असल्या तरी विकणारी म्हणते, "ही कोळंबी बघ, ताजी फडफडीत." शेजारच्या टोपलीला मात्र "हे बांगडे". होमस्टेवाला हेच पाहुण्यांना इंग्रजीत सांगू लागला, की 'दीज प्रॉन्स'ऐवजी तोंडून 'दिस प्रॉन्स' निघतं. समोर ढीग आहे, एकाहून अधिक म्हणजे 'दीज' हे शाळेत घोटलेलं आहे, तरीही.

व्याकरणातलं वचन वस्तू मोजत नाही, नामाचा घाट बघतं. आणि कुठल्या वस्तूला कुठला घाट, हे प्रत्येक भाषा आपापलं ठरवते. आपण 'हे तांदूळ' निवडतो, 'हे केस' विंचरतो, 'ह्या बातम्या' ऐकतो. इंग्रजीत राइस, हेअर, न्यूज तिन्हींना 'दिस'. न्यूजच्या शेवटचा ज फसवा आहे. उलट आपली कात्री एक, चष्मा एक, पँट एक. इंग्रजी मात्र दोन पाती, दोन भिंगं, दोन पाय धरून 'दीज' म्हणते. मध्ये 'पेअर' घातला की पुन्हा 'दिस', कारण आता मोजायची ती जोडी. होडीच्या भाड्याचे पाचशे रुपये एक रक्कम म्हणून 'दॅट', पण त्याच शंभराच्या पाच नोटा 'दोज'.

खरी गंमत 'फिश'ची. एक सुरमई असो की टोपलीभर, शब्द सहसा फिशच राहतो. 'आय वाँट दिस फिश' आणि 'आय वाँट दीज फिश' यांत क्रियापदही मदतीला येत नाही. एक मासा की सगळी टोपली, हा सौदा त्या एका दर्शकावर, म्हणजे 'दिस', 'दीज', 'हे', 'ही' असं बोट दाखवणाऱ्या शब्दावर ठरतो. त्यातून उच्चार: 'दिस'मधला स्वर आखूड आणि शेवटी स, 'दीज'मधला लांब आणि शेवटी 'जहाज'मधल्या अखेरच्या ज-सारखा आवाज. बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ फारसं पाळत नाही (शुद्धलेखनात त्याची शिक्षा भोगतोच), त्यामुळे दोन्ही जवळजवळ सारखेच कानावर पडतात.

मराठीत दर्शकावर एवढा भार नाही. 'हे घर' एक, 'हे बांगडे' अनेक. 'ही होडी' एक, 'ही घरं' अनेक. 'या होडीत' आणि 'या होड्यांत' म्हणताना 'या' जागचा हलत नाही. वचन कळतं ते नाम आणि क्रियापदावरून. 'दिस'-'दीज'च्या चुकांचं मूळ, माझ्या मते, दुर्लक्षात नसून या सवयीत आहे. वर आपला आदर! "आमचे हे दर्यावर गेलेत" यातले 'हे' अनेकवचनी, माणूस एकच. इंग्रजीला हा मान ठाऊक नाही. तिथे वडीलही 'दिस'च.

इंग्रजीत विशेषणं वचनाप्रमाणे बदलत नाहीत. बोट एक असो की दहा, 'बिग' तो बिगच. मग दर्शकच का बदलतात? हा जुना अवशेष आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत मराठीसारखी तीन लिंगं होती, विभक्ती होत्या, आणि दर्शकांची रूपं त्यानुसार बदलत. पुढे लिंगभेद गळाला. आजचे 'दिस' आणि 'दॅट' ही तेव्हाची नपुंसकलिंगी एकवचनं. 'दोज' तर मुळात 'दिस'च्याच अनेकवचनातून आलेलं. नंतर 'दिस'साठी 'दीज' हे नवं अनेकवचन घडलं आणि 'दोज' 'दॅट'च्या घरी गेलं.