हिवाळी अधिवेशन, नागपूर

हिवाळी अधिवेशन : महाराष्ट्र विधिमंडळाचे दरवर्षी साधारणपणे डिसेंबरमध्ये नागपूर येथे भरणारे अधिवेशन. त्याचे मूळ 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात आहे. संयुक्त महाराष्ट्रात विदर्भ सामील व्हावा यासाठी तिन्ही मराठी प्रदेशांतील काँग्रेस नेत्यांनी हा करार केला. शासनाने दरवर्षी निश्चित काळ नागपुरात मुक्काम करावा आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन येथे घ्यावे, असे त्यात ठरले. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि त्याच वर्षापासून अधिवेशने सुरू झाली. करार कायदा नसल्यामुळे अधिवेशन किती दिवसांचे असावे हे सरकारच्या मर्जीवर राहिले. 2020 व 2021 मध्ये कोविडमुळे ते मुंबईतच उरकण्यात आले, तर डिसेंबर 2024 मध्ये ते अवघ्या सहा दिवसांत आटोपले. विदर्भातील टीकाकार त्याला सहल म्हणतात. ही टीका कडवट असली तरी निराधार नाही.

नागपूर आधी मध्य प्रांत व वऱ्हाड आणि त्यानंतर 1956 पर्यंत मध्य प्रदेश यांची राजधानी होते. राजधानीपण गेल्याची भरपाई म्हणून महिन्याभराची उपराजधानी मिळाली, अशी येथील जुन्या पिढीची भावना आहे. अधिवेशनापूर्वी मंत्रालयातील फायलींचे गठ्ठे येतात, मुख्यमंत्री ‘रामगिरी’वर आणि मंत्री रविभवनात उतरतात, आमदार निवासाच्या खोल्यांना रंग लागतो आणि सिव्हिल लाइन्समध्ये ब्रिटिश काळातील विधानभवनाभोवती कठडे उभे राहतात. मोर्चे मॉरिस कॉलेजजवळच्या टी-पॉइंटवर अडवले जातात, तेथून पाच जणांचे शिष्टमंडळ आत जाते, एखादा मंत्री निवेदन घेतो आणि बाकीचे तर्री-पोहे खाऊन परतीची गाडी पकडतात.

या चित्रातील विसंगती फारशी कोणी बोलून दाखवत नाही. टी-पॉइंटवर मोठ्या आवाजात मागितल्या जाणाऱ्या अनेक गोष्टी देण्याचा अधिकार त्या विधानभवनाला नसतो. तो दिल्लीत असतो. हिवाळी अधिवेशन हे राज्याचे राजकारण आणि राष्ट्रीय राजकारण एकमेकांवर आदळण्याचे ठिकाण बनते ते यामुळेच.

याचे सर्वांत दुःखद उदाहरण म्हणजे गोवारी मोर्चा. गुरे राखणारा हा समाज 23 नोव्हेंबर 1994 रोजी अनुसूचित जमातीचा दर्जा मागण्यासाठी विधानभवनावर आला. मोर्चा अडवला गेला, गर्दी तासन्‌तास ताटकळली, संध्याकाळी चेंगराचेंगरी झाली आणि 114 जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. झिरो माइल परिसरातील गोवारी शहीद स्मारक त्यांच्या स्मरणार्थ आहे. जी मागणी घेऊन ते आले होते ती मान्य करणे राज्य सरकारच्या हाती नव्हते. अनुसूचित जमातींची यादी घटनेच्या अनुच्छेद 342 खाली राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरते आणि त्यानंतर तिच्यात भर घालणे किंवा तिच्यातून वगळणे फक्त संसदेला शक्य असते. राज्याने आपल्या हातात होते ते केले, म्हणजे गोवारींना विशेष मागास प्रवर्गात आरक्षण दिले. मूळ यादीत ‘गोंड गोवारी’ अशी नोंद होती. ती गोवारींचीच आहे असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑगस्ट 2018 मध्ये म्हटले, परंतु सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 2020 रोजी तो निकाल रद्द ठरवला. दोन शब्दांची एक नोंद, तिचा अर्थ लावण्यात गेलेली कित्येक वर्षे, आणि दरवर्षी 23 नोव्हेंबरला स्मारकापाशी जमणारी माणसे असा हा हिशेब आहे. यादीतील ‘हलबा’ या नोंदीवर दावा सांगणाऱ्या, नागपूरच्या विणकर वस्त्यांतील हलबा-कोष्टींचीही तीच गत झाली. यादीतील नोंदीत राज्य सरकार किंवा न्यायालय फेरफार करू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये त्यांच्याच प्रकरणात स्पष्ट केले. तरीही निवडणूक जवळ आली की दोन्ही समाजांना आश्वासन मिळते ते राज्यातल्या नेत्यांकडून.

वेगळ्या विदर्भाची मागणी याच चौकटीत बसते. राज्य पुनर्रचना आयोगाने 1955 मध्ये नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अमरावती, अकोला, यवतमाळ आणि बुलढाणा या आठ जिल्ह्यांचे स्वतंत्र राज्य सुचवले होते. ते झाले नाही. त्यानंतर नागपूरच्या मतदारांनी वेगळ्या विदर्भाचे पुरस्कर्ते लोकसभेत पाठवूनही उत्तर देऊन पाहिले. 1962 मध्ये लोकनायक बापूजी अणे अपक्ष म्हणून निवडून आले, आणि 1971 मध्ये, राज्यातील बहुतेक जागा काँग्रेसकडे जात असताना, येथून जांबुवंतराव धोटे फॉरवर्ड ब्लॉकच्या तिकिटावर विजयी झाले. पुढे मात्र हा प्रश्न पक्षांतर्गत सोयीगैरसोयीचा झाला. भारतीय जनता पक्षाने 1997 मध्ये भुवनेश्वरच्या राष्ट्रीय कार्यकारिणीत विदर्भाच्या बाजूने ठराव केला. केंद्रात सत्ता आल्यावर 2000 मध्ये छत्तीसगड, उत्तराखंड व झारखंड ही राज्ये निर्माण झाली, परंतु राज्यातील मित्रपक्ष शिवसेना अखंड महाराष्ट्रावर ठाम असल्याने विदर्भ राहून गेला. 1956 पर्यंत ज्या रायपूरचा कारभार नागपूरहून चाले ते राजधानी झाले आणि नागपूर राहिले उपराजधानी. काँग्रेसमध्येही विदर्भातील नेते राज्य मागत आणि पश्चिम महाराष्ट्रातील नेते विरोध करीत, म्हणून दिल्लीतील नेतृत्व गप्प बसे.

अनुच्छेद 3 प्रमाणे नवे राज्य निर्माण करण्याचा अधिकार संसदेचा आहे. राष्ट्रपती संबंधित विधानमंडळाचे मत मागवतात, पण ते मत बंधनकारक नसते. आंध्र प्रदेश विधानसभेने जानेवारी 2014 मध्ये विभाजन विधेयक फेटाळले आणि तरीही 2 जून 2014 रोजी तेलंगण अस्तित्वात आले. त्या प्रदेशाचेही वेगळे राज्य 1955 च्या त्याच अहवालात सुचवलेले होते, हे विदर्भवादी विसरू देत नाहीत. विदर्भात आज 11 जिल्हे असून 288 पैकी 62 आमदार आणि 48 पैकी 10 खासदार येथून निवडून जातात. यांपैकी खासदार महत्त्वाचे, पण मोर्चा आमदारांवर येतो.

कर्नाटकाबरोबरच्या सीमाप्रश्नात उलट घडते. तेथे विधिमंडळ स्वतःच मोर्चेकऱ्याच्या भूमिकेत जाते. महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला असून डिसेंबर 2022 मध्ये तणाव वाढल्यावर केंद्रीय गृहमंत्र्यांनी 14 तारखेला दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बोलावले. कर्नाटकाने 22 डिसेंबरला आपला ठराव केला, तर नागपुरात 27 डिसेंबरला बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह 865 मराठी गावे महाराष्ट्रात आणण्याचा ठराव एकमताने झाला. त्या वेळी केंद्रात आणि दोन्ही राज्यांत एकच पक्ष स्वबळावर किंवा भागीदार म्हणून सत्तेत होता. पक्ष एक असला की सीमा पुसट होतात, हा समज त्या आठवड्यात टिकला नाही.

कापसाची गोष्ट रोजच्या पोटापाण्याची आहे. हमीभाव केंद्र ठरवते, आयात-निर्यातीचे धोरण केंद्राचे, आणि भाव पडल्यावर कापूस उत्पादक येतो तो विधानभवनाच्या दारात. डिसेंबर 2005 मध्ये राज्याने 1,075 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. आत्महत्या थांबल्या नाहीत तेव्हा जुलै 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज देऊन गेले. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कापसावरील 11 टक्के आयात शुल्क माफ केले आणि ती सवलत पुढे 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे त्या वर्षीचे अधिवेशन शुल्कमाफी चालू असतानाच भरले.

समतोल विकासाची घटनात्मक तरतूदही दोन सत्तांमध्ये विभागलेली आहे. अनुच्छेद 371 (2) खाली विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळे नेमता येतात आणि निधीच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर टाकता येते. मात्र त्यासाठी राष्ट्रपतींचा आदेश लागतो. 1994 मध्ये स्थापन झालेल्या मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. राज्य सरकारने विधान परिषदेवर नियुक्तीसाठी सुचवलेली 12 सदस्यांची नावे राज्यपालांनी अडवून ठेवलेली होती. त्यामुळे मार्च 2021 मध्ये उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत सांगितले, की ज्या दिवशी ती नावे जाहीर होतील त्याच्या दुसऱ्या दिवशी मंडळे जाहीर करू. केंद्राने नेमलेला राज्यपाल आणि विरोधी पक्षांचे राज्य सरकार यांच्या ओढाताणीत विदर्भाचा अनुशेष असा ओलीस राहिला. सप्टेंबर 2022 मध्ये सत्तांतरानंतरच्या मंत्रिमंडळाने मंडळांच्या पुनर्गठनाचा निर्णय घेतला.

याला वेळापत्रकाचीही जोड आहे. संसदेचे हिवाळी अधिवेशन बहुधा याच दिवसांत भरते. 2023 मध्ये संसद 4 ते 21 डिसेंबर आणि नागपूर अधिवेशन 7 ते 20 डिसेंबर असे चालले. निर्णय ज्यांच्या हाती ते खासदार दिल्लीत, आणि मोर्चे नागपुरात. उलट दिशेने मात्र वारे लगेच पोहोचते. डिसेंबर 2024 मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी राज्यसभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयी केलेल्या विधानाचे पडसाद त्याच आठवड्यात येथील सभागृहांत उमटले. आणि हे दीक्षाभूमीच्या शहरात घडत होते, जेथे 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.